अनामत चावी घेतानाच ठरते

वाचकाचं पत्र, थोडक्यात : महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या नोंदणीकृत महिला मंडळाच्या सचिवांनी हे पत्र लिहिलं आहे. वर्धापनदिनासाठी त्यांनी पालिकेचं सभागृह घेतलं होतं. सत्र संध्याकाळी 5 ते 9, सवलतीचं भाडं 9,000 रुपये, जीएसटी 1,620 आणि अनामत 10,000. आधी सत्कार, मग सभासदांनी कराओकेवर बसवलेली जुनी चित्रपटगीतं. अर्ज केला तेव्हा ‘प्रवेश विनामूल्य’ या चौकटीत खूण केली होती. पुढे खर्च निघावा म्हणून 100 रुपयांची ‘देणगी प्रवेशिका’ ठेवली आणि 180 प्रवेशिका खपल्या. कार्यक्रम उत्तम झाला. दीड महिन्याने अनामतीचे फक्त 2,482 रुपये जमा झाले. कपातीची चिठ्ठी अशी : दरातला फरक 3,540, जादा वेळ 1,770, एसीचा जादा तास 708, भिंतीचा रंग 1,000, सफाई 500. त्या लिहितात, “ध्वनिक्षेपकाला कायद्याने दहापर्यंत मुभा असताना नऊ चाळीसला जादा वेळ कसा लागतो? अध्यक्ष म्हणतात, माहितीचा अधिकार वापरून सगळे पैसे वसूल करू. खजिनदार म्हणतात, नियम वाचले नाहीत ते सचिवांनी, फरक त्यांनीच भरावा. घरी ऐकावं लागतं की तिथल्या माणसाच्या हातावर काही ठेवलं असतं तर हे झालंच नसतं. बहुतेकींना आता 22,000 रुपयांत ‘सगळं धरून’ मिळणारा खासगी हॉल हवाय. मी काय करू?”

सचिवताई,

आधी त्या चिठ्ठीतल्या पाच ओळी दोन ढिगांत वेगळ्या करा. पहिल्या तीन ओळींची बेरीज होते 6,018 रुपये, आणि ते तुमच्या भाड्याचंच राहिलेलं बिल आहे. तुम्ही जे वापरलंत त्याचे पैसे अनामतीतून वळते करून घेतले, इतकंच. नुकसान म्हणून कापले ते शेवटच्या दोन ओळींतले 1,500. तुम्ही आणि अध्यक्ष भांडण 7,518 रुपयांचं समजताय. खरं भांडण आहे ते दीड हजाराचं.

त्या चिठ्ठीत आणखी एक गोष्ट दिसते. भाड्यातला फरक, जादा वेळ आणि एसी या तिन्हींवर 18 टक्के जीएसटी लावलाय (3,000 वर 540, 1,500 वर 270, 600 वर 108), पण रंगावर नाही. हे बरोबर आहे. नुकसानभरपाई म्हणजे सेवेची किंमत नव्हे, म्हणून तिच्यावर कर लागत नाही. अनामतीवरही ती भाड्यात वळती होईपर्यंत कर नसतो. अंदाजपंचे रक्कम टाकून पैसे खिशात घालणारा माणूस इतका हिशेब करत बसत नाही. त्यामुळे ‘त्यांनी खाल्ले’ हे गृहीतक तूर्त बाजूला ठेवा.

आता प्रवेशिकेचं. सार्वजनिक सभागृहांच्या दरपत्रकात सहसा तीन-चार स्तंभ असतात: शासकीय, शैक्षणिक किंवा सामाजिक संस्थांचे विनामूल्य कार्यक्रम, तिकिटाचे कार्यक्रम, आणि व्यापारी किंवा खासगी समारंभ. तुम्ही कोणत्या स्तंभात बसता हे संस्थेच्या हेतूवर ठरत नाही, दारावर काय होतं त्यावर ठरतं. प्रवेशिकेवर ‘देणगी’ छापलं असलं तरी ती नसलेल्या माणसाला दारातून परत पाठवत असाल, तर ते तिकीटच. खरी ऐच्छिक देणगी म्हणजे आत सगळ्यांना सोडायचं आणि पेटी बाहेर ठेवायची. प्रायोजकाचा फलक मंचावर लागला तरी काही ठिकाणी सवलत जाते, तेही वाचून घ्या.

म्हणून पुढच्या वर्षी प्रवेशिका बंद करावी का? घाई नको. प्रवेशिकेने तुम्हाला 18,000 मिळवून दिले आणि त्यापायी गेले 3,540. प्रवेशिका ठेवणं चुकलं नाही. ती ठरल्यावर सुधारित अर्ज न देणं चुकलं. प्रवेशिका आधी सांगितली असती तर तेवढाच फरक आधी भरला असता आणि आजची कटुता टळली असती.

मात्र प्रवेशिकेमागून आणखी दोन गोष्टी येतात, त्या कपातीच्या चिठ्ठीत दिसत नाहीत. पहिली गाण्यांच्या हक्कांची. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 52 मध्ये हौशी मंडळांना सूट आहे, पण ती श्रोत्यांकडून पैसे घेतले नाहीत तर किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी कार्यक्रम असेल तर. शंभर रुपये घेतले की ही सूट गेली. मग गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएससारख्या संस्थेचा परवाना बघावा लागतो, आणि कराओके ट्रॅक हे ध्वनिमुद्रण असल्याने त्याचे हक्क पुन्हा वेगळे. पेटी-तबल्यावर गायलात तर हा दुसरा भाग उरत नाही. दुसरी गोष्ट पोलीस परवान्याची: तिकिटाच्या कार्यक्रमाला तो लागतो का, हे तारीख पक्की करतानाच स्थानिक ठाण्यात विचारून घ्या. नाटक किंवा एकांकिका असेल तर संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही मागतात. जीएसटीची मात्र काळजी नको, कारण माणशी 500 रुपयांपर्यंतच्या अशा प्रवेशमूल्यावर तो माफ आहे.

हे सगळं नको असेल तर सरळ मार्ग एकच: सभासदांकडून आधीच वर्गणी जमवायची आणि कार्यक्रम सर्वांना खुला ठेवायचा. उत्पन्न कमी होईल, कागदही कमी होतील. वर्गणी किती जमेल हे मंडळालाच ठाऊक. दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि मगच ठरवा.

आता वेळ. तुमचा खरा तोटा इथे झालाय आणि जवळपास प्रत्येक मंडळाचा इथेच होतो. रात्री दहाचा नियम ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मधला आहे. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, असं तो सांगतो, आणि बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापर असेल तर त्यालाही अपवाद ठेवतो. पण हा नियम आवाजाचा आहे. सभागृह तुमच्या ताब्यात किती वाजेपर्यंत, हे भाडेपावतीवर लिहिलंय: 9. कायदा दहापर्यंत गाऊ देतो म्हणून नऊ ते दहा हा तास तुमचा होत नाही.

आणि सत्र सुरू होतं कुलूप उघडल्यावर, पडदा उघडल्यावर नव्हे. संपतं तेही कुलूप लागल्यावर. चार तासांची म्हणजे 240 मिनिटांची फोड करून बघा. मंच सजावट आणि ध्वनिव्यवस्था एकाच वेळी लागली तरी मांडणी अन् आवाजाची चाचणी मिळून एक तास. प्रेक्षक आत येऊन बसायला अर्धा तास. कार्यक्रम संपल्यावर सभागृह रिकामं व्हायला पंधरा मिनिटं, कारण माणसं उठतात आणि तिथेच फोटो काढतात. साउंडवाला केबल गुंडाळणार, सजावटवाला फुलं उतरवणार, त्याला पाऊण तास. ही झाली 150 मिनिटं. उरली 90. म्हणजे चार तासांच्या सत्रात दीड तासाचा कार्यक्रम बसतो. तुमच्याकडे सत्कार होते, मनोगतं होती आणि पंधरा-वीस गाणी असतील. ते दीड तासात बसणार नव्हतंच. (प्रमुख पाहुणे अर्धा तास उशिरा आले तर तो अर्धा तासही तुमच्याच सत्रातून जातो, पाहुण्यांना सत्राची सुरुवात सांगू नका, त्यांना यायची वेळ सांगा.)

तुम्ही पत्रात लिहिलंय की कार्यक्रम नऊला संपला. पण रजिस्टरमध्ये नोंद होते ती कुलूप लावल्याची, आणि सजावटवाल्याचं शेवटचं सामान टेम्पोत चढलं ते नऊ चाळीसला. चाळीस मिनिटं असली तरी आकारणी तासाच्या पटीत होते, तशी ती बहुतेक ठिकाणी असते. पुढच्या सत्राला कोणी असतं तर याहून वाईट प्रसंग आला असता. सजावटवाला आणि साउंडवाला यांच्याशी ठरवतानाच उतरवण्याची वेळ लिहून घ्या आणि ‘त्यानंतरचं जादा भाडं तुमच्या बिलातून’ असं कलम टाका. ते कुरकुर करतील, पण वेळेवर येतील.

एसीचे 708 याच गणितातले. सत्र पाचला सुरू होतं, तुम्ही चारला तालमीसाठी गेलात. पहारेकऱ्याने ‘या ताई, काय हरकत नाही’ म्हणून दार उघडलं हा त्याचा चांगुलपणा. एसी लावायला सांगितला तो तुम्ही. भाड्याचा जादा तास लावला नाही, फक्त एसीचा लावला. यावर भांडायला गेलात तर तो तास भाड्यातही धरला जाईल. हे कलम सोडून द्या. पुढच्या वेळी ‘एसी कधीपासून कधीपर्यंत’ हे अर्जात लिहा आणि मांडणी पंख्यावर करा. रिकामं सभागृह, दारं उघडी आणि सामान आत-बाहेर होत असताना थंडावा टिकत नाही, बिल मात्र चालू असतं.

उरले दीड हजार. इथे तुमची बाजू आहे, पण ती सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही, आणि बहुधा त्यांच्याकडेही नाही. मागच्या भिंतीवर बॅनर तुम्ही दुहेरी टेपने चिकटवला. काढताना टेपबरोबर रंगाचा पापुद्रा आला हे तुम्ही मान्य करता, पण ‘तिथे आधीपासून पोपडे होते’ असंही म्हणता. दोन्ही खरं असू शकतं. आधी किती होते आणि नंतर किती झाले, हे दाखवणारा कागद नाही. ती भिंत संध्याकाळी पाचला कशी होती हे कुठेच नोंदलेलं नाही, आणि अनामतीचं भवितव्य तिथेच ठरून गेलं.

पुढच्या वेळी चावी घेताना पंधरा मिनिटं काढा. मंचावर फुलवाली, साउंडवाला, तानपुरा सगळे तुमच्या नावाने ओरडत असतील. तरी काढा, किंवा या एकाच कामाला एक सभासद नेमा. तिने व्यवस्थापक किंवा पहारेकरी सोबत घेऊन मोबाइलवर सलग व्हिडिओ काढायचा. सुरुवात दर्शनी घड्याळापासून. मग मंचाची मागची भिंत जवळून, डावा-उजवा कोपरा, मंचाच्या फळ्या, पडद्याची कड आणि तो ओढून पाहायचा. फाटलेल्या, मोडलेल्या खुर्च्या रांग क्रमांकासह. रंगपटातले आरसे आणि त्यावरचे दिवे. स्वच्छतागृहातले नळ, कारण तुटलेला नळ हटकून शेवटच्या संस्थेच्या नावावर चढतो. सभागृहाचे माइक किती मिळाले, आणि विजेचं बिल मीटरवर असेल तर मीटरचा आकडा. नंतर साध्या कागदावर चार ओळी: ‘ताबा घेतेवेळी आढळलेल्या त्रुटी’, वेळ, दोघांच्या सह्या, दोन प्रती. सही द्यायला कोणी तयार नसेल तर तोच व्हिडिओ आणि मजकूर कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी व्यवस्थापकांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पाठवल्याची वेळ आपोआप नोंदते. रात्री हेच उलट्या क्रमाने, आणि दिवे मालवण्यापूर्वी. पहिल्याच वर्षी या कागदाची गरज पडेल असं नाही, पण असा कागद करणाऱ्या संस्थेच्या नावावर जुने पोपडे टाकायला कोणी जात नाही.

डाग कशाने पडतात तेही सांगते, कारण सफाईचे 500 त्यातून येतात. रांगोळी कोरडी झाडून नेली तर काही होत नाही. तिच्यावर ओला पोछा फिरला की रंग फरशीच्या सांध्यात बसतो. म्हणून ती पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर काढा. झेंडूच्या पाकळ्या गालिच्यावर चिरडल्या की पिवळा डाग राहतो. दीपप्रज्वलनाच्या समईखाली खोल परात आणि तळाशी वाळू, नाहीतर तेल लाकडी मंचात मुरतं. कागदी तुकडे उडवणाऱ्या नळकांड्या तर आणूच नका, ते तुकडे खुर्च्यांच्या सांध्यांतून आठवडाभर निघतात. आणि धूर सोडणारं यंत्र लावायचं असेल तर आधी लेखी विचारा, धूरशोधक यंत्रणा त्याला आग समजते.

माहितीच्या अधिकाराबद्दल अध्यक्षांना सांगा की तो वसुलीचा अर्ज नाही, अभिलेख मागण्याचा आहे. ‘पैसे का कापले?’ याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. ‘अमुक तारखेच्या नुकसानीचा अहवाल, छायाचित्र आणि दुरुस्तीच्या देयकाची प्रत द्या’ याला आहे. त्याआधी साधं पत्र द्या. मंडळाच्या लेटरहेडवर, विषय ‘अनामत रकमेतील कपातीचा तपशील मिळणेबाबत’. आत फक्त शेवटच्या दोन ओळींबद्दल विचारा: रंगाच्या 1,000 रुपयांचा आधार काय, सफाईचा आकार मंजूर दरपत्रकात आहे का. पहिल्या तीन ओळी मान्य असल्याचंही लिहा. सगळंच नाकारणाऱ्या पत्रापेक्षा तीन मान्य करून दोन विचारणारं पत्र टेबलावरून लवकर पुढे सरकतं. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीचा अर्ज करा. तो मंडळाच्या नावाने न करता एका सभासदाने स्वतःच्या नावाने करायचा, कारण हा अधिकार नागरिकाला आहे. अर्जाला 10 रुपये, प्रतींना पानामागे 2 रुपये, मुदत 30 दिवस. मागायचं काय: दरपत्रक मंजूर झाल्याचा ठराव, त्या रात्रीच्या रजिस्टरचं पान, नुकसानीची नोंद. दुरुस्ती झाल्याचा कागदच नसेल, तर परताव्याची मागणी करायला जागा आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी तिच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच घेता येते. माझा अंदाज आहे की सफाईचे 500 ठरलेला आकार निघेल आणि रंगाचे निम्मे तरी परत मिळतील. त्यासाठी किती दुपारी घालवायच्या, हे तुमच्या मंडळाने ठरवावं.

हातावर ठेवण्याचा सल्ला मात्र एका वाक्यात नाकारा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, आणि विकलेली प्रवेशिका किंवा नऊ चाळीसची नोंद त्याने पुसली जात नाही. कोणी उघड मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

खासगी हॉलच्या 22,000 रुपयांकडे बघताना पहिला प्रश्न, जीएसटी धरून की वगळून? वगळून असेल तर झाले 25,960. मग विचारा: डेकोरेटर आणि केटरर बाहेरचा चालतो का, आणि चालत असेल तर ‘रॉयल्टी’ किती? (हॉलमालक बाहेरच्या माणसाला आत येऊ देण्याचे जे पैसे घेतात त्याला हे भारदस्त नाव आहे.) जनरेटरचं डिझेल तासावर की प्रत्यक्ष वापरावर? किमान ताटांची अट आहे का? आणि अग्निसुरक्षेचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र बघायला मागा. महाराष्ट्रात इमारतीच्या मालकाला ते दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाकडे सादर करावं लागतं. ते दाखवायला जो का-कू करतो त्याच्याकडे 180 माणसं नेऊ नका. अनामत अवाच्या सव्वा असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 तिला अनुचित कराराचं लक्षण मानतो. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो.

तुलनेला पालिकेचं सभागृह सरळ मार्गाने घेतलं तर काय पडतं ते बघा. तिकिटाचा दर 12,000, आधी एक आणि नंतर एक असे दोन जादा तास अर्जातच मागितले तर 3,000, त्या दोन तासांचा एसी 1,200. झाले 16,200, जीएसटीसह 19,116. दुपारी चार ते रात्री दहा, सहा तास. म्हणजे साडेतीन तासांचा कार्यक्रम, कोणाच्याही मागे पळापळ न करता. जादा तास आधी देतात का हे पुढचं सत्र मोकळं आहे की नाही यावर असतं, म्हणून मधल्या वारी तारीख घ्या. खासगी हॉल आठ तास देत असेल, जेवणही असेल आणि 6,844 रुपयांचा फरक तुम्हाला परवडत असेल तर जरूर घ्या. पण रागाने नको.

आणि एक, पालिकेची तारीख सार्वजनिक कारणासाठी रद्द होऊ शकते. निवडणुकीचं प्रशिक्षण, तातडीची बैठक. तेव्हा भाडं परत मिळतं, सजावटवाल्याला दिलेला विसार मिळत नाही. आचारसंहितेच्या काळात तारीख पडत असेल तर विसार शक्य तितका उशिरा द्या.

खजिनदारांच्या म्हणण्याबद्दल. प्रवेशिका ठेवायचा निर्णय कार्यकारिणीचा, तिचे 18,000 मंडळाच्या खात्यात गेले. मग तिच्यापायी वाढलेलं भाडं एका सचिवाच्या पर्समधून का जावं? इतिवृत्त काढा, त्यात तो निर्णय असेलच. हिशेबात 6,018 ‘सभागृह भाडे’ या शीर्षाखाली आणि 1,500 ‘दुरुस्ती व सफाई, तक्रार प्रलंबित’ म्हणून दाखवा. अनामत जशीच्या तशी ‘येणे’ म्हणून दाखवून नंतर बुडीत काढली तर लेखापरीक्षक विचारेल आणि तेव्हा उत्तर देणं अवघड जाईल. मूळ अनामत पावती, कपातीची चिठ्ठी आणि परताव्याची बँक नोंद एकत्र टाचून ठेवा.

बॅनर पुढच्या वर्षी उभ्या स्टँडवर लावा, किंवा मंचावरच्या आडव्या नळीला सुतळीने बांधा. सुतळी आणि कात्री सामानाच्या यादीत वरच लिहा, कारण ती घरी राहिली की कोणीतरी टेप आणायला धावतं.